प्रार्थनेला वेळ नाही म्हणालास, त्यावरून

भुसावळ

प्रिय भैया,

प्रभू येशूच्या नावात तुला आणि सूनबाईला सलाम. छोटीला पापा.

रविवारी तू फोनवर बोललास ते पप्पांना ऐकू गेलं नाही. कूलर जोरात चालू होता म्हणून वाचलास, नाहीतर त्यांनी माझ्या हातून फोन ओढून घेतला असता. तुझं म्हणणं मला समजलं ते असं: छोटी झाल्यापासून घरात कौटुंबिक प्रार्थना होत नाही. पवित्र शास्त्र कपाटावरून खाली येत नाही. आठ वाजता तू सूनबाईला हाक मारतोस, ती येऊन बसते, आणि तुझं स्तोत्र वाचून होईपर्यंत भिंतीला डोकं टेकून झोपलेली असते. त्यावरून तू तिला बोललास, ती रडली. मग सभेतल्या कुणा भावानं तुला समजावलं की पुरुष हा घराचा याजक असतो, घरातली वेदी मोडली तर देव जाब त्याला विचारतो. तेव्हापासून तुझं मन थाऱ्यावर नाही.

हे फोनवर बोलण्यासारखं नव्हतं, आणि व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर तू ते ऑफिसात अर्धं वाचून वर हात जोडल्याचं चित्र पाठवलं असतंस. म्हणून कागद घेतला. निवांत वाच. सूनबाईलाही वाचू दे, यात तिच्यापासून लपवण्यासारखं काही नाही.

तुझ्या डोक्यात जी आठ वाजताची प्रार्थना बसली आहे ती आपल्या घरातली. जेवणं झाली की सतरंजी, पप्पा मधे, तू आणि ताई दोन बाजूंना, एक गीत, एक अध्याय, मग पाळीपाळीनं प्रार्थना. खरं आहे. पण ते तू आठवी-नववीत गेलास तेव्हापासूनचं, पप्पांना यार्डात दिवसाची ड्यूटी मिळाल्यावरचं. त्याआधी ते मालगाडीचे गार्ड होते. (आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात. ते नाव ऐकलं की पप्पा मिशीतल्या मिशीत हसतात.) गार्डाच्या घरात आठ वाजता म्हणजे काय रे? कॉल बॉय रात्री दीडला दार वाजवायचा. "गार्डसाहेब, साडेतीनची गाडी!" सही घ्यायचा आणि पुढच्या क्वार्टरकडे वळायचा. कधी इगतपुरी, कधी खंडवा, कधी बडनेरा. तिकडच्या रनिंग रूममध्ये झोप काढून घरी परतायला दुसरा दिवस, कधी तिसरा.

मी उठून स्टोव्ह पेटवायचे. भाकरी, कोरडी भाजी, कांदा, ठेच्याची पुडी वेगळी, कारण ठेचा भाकरीला लागला की ती ओली होते. पप्पा वर्दी चढवून बॅटरी पेटते का बघायचे, लाल-हिरवी झेंडी काखेत घ्यायचे. मग दाराशी बसून बूट घालताना, एक पाय बुटात आणि दुसरा बाहेर, प्रार्थना. "बापा, गाडी नीट ने, घर नीट ठेव. आमेन." मी हातात डबा धरून उभी. कधी तू माझ्या खांद्यावर, कारण दार वाजलं की तू हमखास उठायचास. त्या वर्षांतली आपली कौटुंबिक प्रार्थना ती एवढीच. तू पाळण्यात होतास तेव्हापासून आठवी-नववीत गेलास तोवर. तुझी श्रद्धा त्यावर वाढली आहे, सतरंजीवर नंतर आलास.

आता तो याजक.

भावानं सांगितलं ते चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. पण याजक दिवसभर काय करायचा हे लेवीय पुस्तकात लिहिलेलं आहे, आणि ते पुस्तक कंटाळवाणं म्हणून सभेत कुणी उघडत नाही. मला ते आवडतं. या उन्हाळ्यात बिबड्यांचं वाळवण राखत गच्चीच्या जिन्यात बसून मी पुन्हा वाचलं, हातात काठी, कावळे येतात म्हणून. सहाव्या अध्यायात काय आहे बघ. वेदीवर रात्रभर होमबली जळतो. सकाळी याजकानं उठून तागाची वस्त्रं घालायची आणि राख काढायची. ती वेदीच्या बाजूला ठेवायची. मग ते कपडे बदलायचे, दुसरे घालायचे, आणि ती राख उचलून छावणीच्या बाहेर नेऊन टाकायची. नंतर लाकडं घालायची, रोज सकाळी, कारण विस्तव विझता कामा नये. पुढे चोविसाव्या अध्यायात दिवे: शुद्ध जैतुनाचं तेल, संध्याकाळपासून सकाळपर्यंत जळत राहतील असे लावायचे. आणि भाकरी. बारा भाकरी, सहा-सहाच्या दोन ओळी, दर शब्बाथाला ताज्या मांडायच्या.

राख काढणं, लाकडं घालणं, दिव्यात तेल, भाकरी मांडणं. आणि त्याआधी हात-पाय धुणं, त्यासाठी पितळेचं गंगाळ निर्गम पुस्तकात सांगितलेलं आहेच. आजी हे ऐकून म्हणाली असती, अरे हे तर मी रोज करते.

तर भैया, तू घराचा याजक आहेस ना? तुझ्या घरातली राख कोण काढतं? डायपरची बादली रात्री खाली कोण नेतं? दुधाच्या बाटल्या कोण उकळतं? सकाळी सिंक रिकामं कोण करतं? हे सूनबाई करत असेल आणि तू आठ वाजता पुस्तक उघडून बसत असशील, तर लेवीयाच्या हिशेबानं तुमच्या घरात याजक आहे आणि तो झोपला आहे भिंतीला टेकून.

रागावू नकोस. तू काहीच करत नाहीस असं मला म्हणायचं नाही. सूनबाईनं तुझी कधी कागाळी केलेली नाही, उलट तू छोटीला फार छान झोपवतोस असंच सांगते. मी फक्त एवढंच म्हणते की, कामं आटोपली की मग देव, अशी जी तू रांग लावली आहेस, ती शास्त्रातली नाही. प्रभूनं शेवटच्या भोजनाला उठून बाहेरची वस्त्रं उतरवली, कमरेला रुमाल बांधला, गंगाळात पाणी ओतलं आणि शिष्यांचे पाय धुतले. ते काम त्या काळी घरातल्या हलक्यातल्या हलक्या नोकराचं. ते झाल्यावर 'आता खऱ्या उपासनेला बसू' असं तो म्हणाला नाही. मी तुमचे पाय धुतले तसे तुम्हीही एकमेकांचे धुवा, म्हणाला.

इथे लोक मार्थेला मधे आणतात. मार्था कामात, तिची बहीण मरीया प्रभूच्या पायाशी, आणि प्रभूनं मरीयेची बाजू घेतली. ठीक. पण योहानाच्या बाराव्या अध्यायात पुन्हा बेथानीला जेवण आहे, लाजर मेलेल्यांतून उठून पंक्तीला बसला आहे, आणि मार्था काय करते? वाढतेच आहे. तिथे तिला कुणी काही बोललं नाही. दगदग आणि कुरकुर प्रभूला नको होती. वाढणं त्याला नको असतं तर सगळे उपाशी उठले असते.

सूनबाईच्या झोपेबद्दल मला जास्त सांगायचं आहे. ती हॉस्पिटलात नाईट करते, अंगावर पाजते, आणि पाच महिन्यांचं बाळ सांभाळते. तिला झोप लागते हा तिच्या विश्वासाचा प्रश्न नाही. एलीया संदेष्ट्याची गोष्ट तुला संडे स्कूलमध्ये मीच शिकवली. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय झाला, स्वर्गातून अग्नी उतरला, आणि दुसऱ्याच अध्यायात हा बाप्या रानात एका झुडपाखाली बसून 'पुरे, आता माझा जीव घे' म्हणतो आहे. देवानं काय केलं? त्याला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिलं. मग दूतानं त्याला हलवून उठवलं: ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. तो खाऊन पुन्हा झोपला. दूत पुन्हा आला, पुन्हा हलवलं, पुन्हा खायला दिलं, म्हणाला, तुला मोठा प्रवास करायचा आहे. झोप, भाकर, झोप, भाकर. त्यानंतर मग होरेब डोंगर आणि देवाची वाणी.

हा क्रम ध्यानात ठेव. संध्याकाळी आठला तिला हाक मारायची तर 'जेवायला चल' म्हणून मार. झोपली तर अंगावर चादर घाल, अध्याय तुझा तू वाच, मोठ्यानं वाच हवं तर, झोपलेल्या माणसाच्या कानावरही शब्द जातो. पण तिला जागी करू नकोस.

आणि ती नाईट करून सकाळी येते तेव्हा? त्यासाठी योहानाचा शेवटचा अध्याय आहे. माझा सगळ्यात आवडता. शिष्य रात्रभर मासे धरत होते, हाती काही लागलेलं नाही. पहाटे किनाऱ्यावर कुणी उभा आहे. जवळ आले तर कोळशाचा विस्तव, त्यावर मासळी, आणि भाकर. पुनरुत्थित प्रभू, ज्यानं मरणाला जिंकलं, ज्याच्यापुढे सारं जग गुडघे टेकणार आहे, तो रात्रपाळी करून आलेल्या माणसांसाठी न्याहारी करत बसला होता. 'या, न्याहारी करा' म्हणाला. पेत्राशी जे अवघड बोलायचं होतं, तू माझ्यावर प्रीती करतोस काय, ते त्यानं खाणं झाल्यावर काढलं. आधी खायला दिलं.

सूनबाई आठ-साडेआठला घरी पोचते ना? तेव्हा चहा आणि पोहे तयार असले, छोटी तुझ्या कडेवर असली, आणि तू तिला 'ये, बस' म्हणालास, तर त्या दिवसाची उपासना झाली असं मी म्हणेन. पप्पांनाही हेच वाटतं. पोहे करताना कांदा आधी घाल, पोहे फार भिजवू नकोस, तुझे नेहमी लगदा होतात.

एक मात्र करू नकोस. घरातल्या प्रत्येक कामाला वचन चिकटवत बसू नकोस. आपल्याकडे महिला मंडळात असं फार चालतं. मागे एकदा प्रेशर कुकरच्या शिट्टीवरून पवित्र आत्म्याचा बोध निघाला, चाळणीवरून पापाचा, आणि फ्रिजवरून थंड पडलेल्या विश्वासाचा. मी मागच्या बाकावर होते, पदरात तोंड खुपसून. डायपर बदलताना 'आपली पापं अशीच धुतली जातात' वगैरे मनात आणायची काही गरज नाही. डायपर बदल. पावडर लाव. पोरीशी बोल. ती ओली होती, आता कोरडी झाली, एवढा अर्थ त्या कामाला पुरेसा आहे, आणि देवालाही पुरेसा असावा.

आजीचं मला नवल वाटायचं ते यासाठीच. साक्रीकडच्या खेड्यातली बाई, अक्षर ओळखत नव्हती, पण दहा-वीस स्तोत्रं आणि किती तरी भजनं तोंडपाठ, सगळी ऐकून. तुला आंघोळ घालायला ती पाटावर दोन्ही पाय लांब करून बसायची, तू पायांवर पालथा. मी तांब्यानं पाणी ओतायचे, ती एका हातानं तुझं डोकं धरायची आणि दुसऱ्या हातानं चोळायची. तू आभाळ डोक्यावर घ्यायचास. "व्हई गयं रे भाऊ, व्हई गयं," असं म्हणत ती तिचं काम चालूच ठेवायची. आणि प्रत्येक अवयवाला तिची एक मागणी असायची. कान धुतले की, देवा, याला ऐकणारे कान दे. हात धुतले की, हे हात कुणाच्या मालाला लागू देऊ नको. पाय चोळताना, वाट चुकू देऊ नको. पोटावर हात फिरवताना, याला कधी उपाशी ठेवू नको, आणि यानं कुणाला ठेवू नये. मग टाळूवर तेल, ओवा-शेपाची धुरी, आणि तू घट्ट गुंडाळलेला माझ्या मांडीवर. (ती तुझ्या कानात-नाकातही तेल घालायची. सूनबाई म्हणते तसलं काही करायचं नाही. ती नर्स आहे, तिचं ऐक. धुरीही नको म्हणते, तर नको.)

आजीची प्रभूची प्रार्थना भाकरीवर व्हायची. पिठाचा गोळा परातीत ठेवला की 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' सुरू, गोल गोल थापत, आणि भाकरी तव्यावर पडेपर्यंत 'आमेन'. एक भाकरी, एक प्रार्थना, बरोब्बर बसायचं. तव्यावर वरून पाण्याचा हात फिरवताना ती गप्प असायची, उलटली की दुसरा गोळा आणि पुन्हा पहिल्यापासून. 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' हे शब्द भाकरी नेमकी मोठी होत असताना यायचे. घरात आठ-दहा माणसं. किती वेळा झाली असेल ती प्रार्थना एका वेळच्या स्वैपाकाला! आणि तिला विचारलं असतं, आजी, आज वैयक्तिक मनन केलं का, तर ती तुझ्या तोंडाकडे बघत बसली असती आणि म्हणाली असती, "जेवाले बठ."

अनुवाद पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाच्या आज्ञा मुलांना कधी शिकवायच्या ते दिलं आहे: घरी बसलेला असताना, वाटेनं चालताना, झोपताना, उठताना. यातली एकही वेळ देवळातली नाही. तू छोटीला सकाळी पाळणाघरात सोडतोस तेव्हा वाटेनं गाणं म्हण. तुझा आवाज चांगला आहे, नाताळात गायचास. तिला आत्ता काही कळत नाही हे मलाही माहीत आहे. तुलाही कळत नव्हतं.

रात्रीचं मात्र वेगळं आहे. रात्री तीनला पोरगी रडते, तू उठतोस, तिला खांद्यावर घेऊन हॉलमध्ये येरझारा घालतोस, आणि मनात एकही चांगला विचार येत नाही. राग येतो. कधी तिचाच येतो. तेव्हा गाणं सुचत नाही, वचन आठवत नाही. त्यावर माझ्याकडे काही तोडगा नाही, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांनी पोरं वाढवलेली नसावीत. फक्त होशेयाचा अकरावा अध्याय कधी तरी दिवसा वाचून ठेव. त्यात देव इस्राएलाबद्दल बापासारखा बोलतो: मी एफ्राइमाला चालायला शिकवलं, त्याला हातांवर घेतलं, पण मी त्याला बरं केलं हे त्याला कळलंच नाही. मी वाकून त्याला भरवलं. देव असं बोलतो की जणू त्यालाही रात्री उठावं लागलं होतं आणि पोराला ते आठवतसुद्धा नाही. तुझ्या खांद्यावर जी आहे तिलाही ही रात्र आठवणार नाही. तुला तुझी आठवते का?

आता दुसरं. तुम्ही पुण्यात राहून अजून केडगावला गेला नाहीत हे मला पटत नाही. महाराष्ट्र एक्सप्रेसनं येता-जाता दौंड आणि पुण्याच्या मधे ते स्टेशन लागतं, तेव्हा खिडकीतून नुसतं बघता. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथे आहे. १८९६-९७ च्या आणि नंतर १९०० च्या दुष्काळात त्यांनी किती तरी बायका-पोरींना आसरा दिला. एवढ्या जणींचं दळण, स्वैपाक, धुणं, आजारपणं. आणि त्यातच बाई पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर करत होत्या, त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खेड्यातल्या साध्या बाईला समजेल अशी मराठी त्यांना हवी होती. ते छापायचं कामही मुक्तीतल्या छापखान्यात, तिथल्याच बायकांनी केलं. १९२२ मध्ये बाई गेल्या, पुस्तक त्यानंतर बाहेर आलं. मला नेहमी वाटतं, छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या त्या पोरींनी सकाळी आधी भाकऱ्या केल्या असतील, आणि दुपारी तेच हात धुऊन 'आमची रोजची भाकर'चे खिळे जुळवले असतील. सुट्टीच्या दिवशी छोटीला घेऊन जाऊन या. सूनबाईला आवडेल, तिच्या माहेरी रमाबाईंचं नाव फार आहे.

माहेरावरून आठवलं. छोटीचं काय करायचं यावर व्याह्यांचा पप्पांना फोन आला होता. ते नगरचे, सीएनआयचे, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे, त्यांच्याकडे तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतात. आपली अलायन्स मंडळी, आपल्याकडे बाळाचं अर्पण होतं आणि बाप्तिस्मा तिला कळायला लागल्यावर, तिच्या तोंडच्या साक्षीनं. दोन्ही आजोबा शास्त्र काढून तयार बसले आहेत. माझं मत विचारलंस तर, हा प्रश्न तुम्हा दोघांचा आहे, तुमच्या पाळकसाहेबांशी बोला आणि ठरवा, आणि ठरलं की दोन्हीकडे एकाच दिवशी कळवा. कुणाकडे आधी आणि कुणाकडे नंतर असं होऊ देऊ नकोस. पप्पा दोन दिवस गप्प राहतील, मग येतील. त्यांना मी बघते.

काहीही ठरलं तरी त्या दिवसाचा फ्रॉक माझ्याकडे. पांढरं मऊ कापड आणून ठेवलं आहे. हन्नाची गोष्ट तुला आठवत असेल, शमुवेलाला तिनं मंदिरात एली याजकाकडे ठेवलं, आणि दर वर्षी त्याच्यासाठी एक लहानसा झगा शिवून न्यायची. मला त्या बाईचं पहिल्यापासून एकाच गोष्टीचं कौतुक वाटतं. पोरगा वर्षातून एकदा दिसायचा. मग तिनं माप कशावरून घेतलं? केवढा झाला असेल, खांदे भरले असतील का, बाही कुठवर येईल, हे ती घरी बसून अंदाजानं ठरवायची, आणि तो अंदाज बरोबर आला का हे वर्षानं एकदाच कळायचं. शास्त्रात तिचं मोठं स्तुतिगीत आहे, ते सगळे वाचतात. झग्याला एकच ओळ दिली आहे.

मला अंदाज करायला लावू नकोस, तुमच्याकडे टेप आहे. छोटीला झोपलेली असताना मोज: खांद्यापासून गुडघ्यापर्यंत, छाती, आणि दंडाचा घेर. इंचात कळव. सूनबाईकडून मोजून घेऊ नकोस, तू मोज. मी दोन बोटं सैल ठेवीन, कारण टाके घालेपर्यंत ती वाढलेली असेल.

पुढच्या आठवड्यात ताईचे यजमान महाराष्ट्र एक्सप्रेसनं पुण्याला येत आहेत. त्यांच्याबरोबर कळण्याचं पीठ पाठवते, चार किलो ज्वारीला एक किलो उडीद, आपल्या गिरणीतलं. बिबडे आणि थोडा ठेचाही आहे. इकडे ऊन पंचेचाळीसच्या वर गेलं आहे आणि नळ चार-चार दिवसांनी येतो, त्यामुळे पापड यंदा कमी घातले, मागू नकोस. कळण्याची भाकरी तुला जमेल. उडदानं पिठाला चिकटपणा येतो, ती लवकर तुटत नाही. नाईटच्या दुसऱ्या दिवशी सूनबाईला गरम करून घाल, वर कच्चं तेल आणि कांदा. तिला अंगावर पाजायचं आहे, ठेचा बेतानं.

पप्पा बरे आहेत. गुडघा दुखतो पण सांगत नाहीत.

तुझी,
आई

ता. क. पिठात मीठ दळतानाच घातलं आहे, वरून घालू नकोस.